मदत हवी आहे: यजमान कुटुंबाचं घरातलं जर्मन कळत नाही

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात एका कुटुंबाकडे राहून शिकतेय. जर्मन बी१ (मध्यम पातळी) झालंय, वर्गात अडत नाही. घरी मात्र सगळे बव्हेरियन बोलीत बोलतात. 'इश'चं (मी) 'ई' होतं, 'निश्त'चं (नाही) 'नेट', आणि मी नुसती मान डोलावते. परवा जेवायला आहेस का विचारलं असावं. न समजताच 'हो' म्हणून बाहेर गेले, सगळे ताटकळले.

'हळू बोला' सांगून पाहिलं, दोन वाक्यं टिकतं. भाषांतराचं ॲप बोलीपुढे हात टेकतं. इंग्रजी फक्त मुलाला येतं, तो दुभाषा व्हायला कंटाळतो (बरोबरच आहे म्हणा). घर बदलायचं नाही, माणसं चांगली आहेत. वेगळ्या क्लासला वेळ नाही.

रोजचे निरोप लिहून द्या, असं त्यांना न दुखावता कसं सांगू? आणि ही बोली कानावर बसायला तुम्हाला नेमका कशाचा उपयोग झाला?