रामसे बंधूंचे पिक्चर : सगळ्यात भारी कुठला, सगळ्यात भंगार कुठला?

कंदीपेढा_८७

मंडळी, जरा मदत पाहिजे. सुट्टीत आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं वाईजवळच्या गावच्या घरी जमतोय, अकरा जण आहोत, प्रोजेक्टर भाड्यानं सांगितलाय, मागच्या पडवीत पांढरी चादर लावायची आणि रात्रभर फक्त रामसे, म्हणजे रामसे भावांनी काढलेले जुने हिंदी भुताचे पिक्चर बघायचे असा बेत आहे. वेळ तीन पिक्चरांपुरताच मिळणार, म्हणून यादी करतोय आणि त्यावरून आत्तापासूनच भांडणं चालू झाल्यात.

माझं म्हणाल तर एक नंबर पुराना मंदिर (१९८४), त्यात वादच नको. सुरुवातीलाच सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं वेगळं आणि धड वेगळं करतात, मुंडकं पेटीत बंद, धड देवळामागं पुरलेलं, आणि त्या घराण्यातली बाई बाळंत झाली की मरणार असा शाप. पुढचं सगळं मग फक्त पेटी कोण उघडतंय याची वाट बघण्यात जातं. दोन नंबर बंद दरवाजा (१९९०), तीन नंबर वीराना (१९८८). तळाला महाकाल (१९९४), कारण तो सरळसरळ इंग्रजी पिक्चरवरून उचललाय, हातमोज्याची नखंसुद्धा तीच. मधे तुलसी-श्याम या रामसे भावांचे डाक बंगला, तहखाना, पुरानी हवेली कुठंतरी. तुमचं काय म्हणणं?

यवतेश्वरचं_वारं

वीराना तिसरा???? भावा, तू बघितलायस का नुसता पोस्टर बघितलास?

पुराना मंदिरमधे भूत भारी आहे पण ते दाखवायला दोन तास लावलेत. वीरानात तसं नाय. हडळीचा जीव पोरीत शिरतो आणि पोरगी आपल्या घरात, आपल्या ताटात जेवतीय, आता ही कधी फिरंल सांगता येत नाय, हे त्या पेटीतल्या मुंडक्यापेक्षा कितीतरी जास्त भ्या वाटायला लावतं. शिवाय पाय उलटे. आमच्या आजीनं सांगितलेली हडळ जशीच्या तशी पडद्यावर दाखवणारे दुसरे कोण होते सांग. आणि सतीश शहा त्यात भुताचे पिक्चर काढणारा माणूस झालाय, नाव हिचकॉक! स्वतःचीच टिंगल करायची हिंमत लागते.

आणि एक दुरुस्ती. डाक बंगला (१९८७) तुलसी-श्यामचा नाही, तो केशू रामसेचा. रामसे म्हटलं की सगळं एका पोत्यात भरू नका, सात भाऊ होते. दिग्दर्शन तुलसी आणि श्यामचं, कॅमेरा गंगूचा, एडिटिंग अर्जुनचं, लिहायचं काम कुमारकडं. केशूनं पुढं खिलाडीवाले पिक्चर काढले, तिकडं त्याचं जास्त चाललं.

महाकालबद्दल मात्र सहमत. उचललंय ते उचललंय, वर जॉनी लिव्हरचं एवढं लांबवलंय की भूत येईपर्यंत झोप लागती.

तंबूतला_जुना_गडी

पोरांनो, तुम्ही हे सगळं व्हिडिओवर नायतर मोबाईलवर बघितलंय म्हणून असं मोजताय. मी पुराना मंदिर जत्रेत तंबूत बघितला, नववीत होतो, घरी सांगितलं भजनाला चाललोय. थंडी अशी की घोंगडं घेऊन बसायचं. आमच्याकडं तंबूत मधे पडदा असायचा, पुढच्या बाजूला गडी माणसं आणि मागच्या बाजूला बायका, त्यांना सगळं चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं, नावं सुद्धा उलटी. माझ्या आईनं अर्ध्याहून जास्त पिक्चर आयुष्यात उलटेच बघितले आणि तिला कधी काय फरक पडला नाय.

आता मुद्दा. तुम्ही म्हणताय कॉमेडी लांबवली, गाणी घुसवली. आरं पण त्यावेळी पिक्चर म्हणजे एका जागी गप बसून बघायची गोष्टच नव्हती. पुराना मंदिरमधे जगदीप मच्छरसिंग होऊन गब्बरची नक्कल करायला लागला की अर्धा तंबू बाहेर, भजी-चहा, बिडी, पोरांना लघवीला नेणं. बाहेरून कान मात्र आत. ते म्युझिक बदललं, दार कुरकुरलं की सगळे पळत आत. रामसेंना हे पक्कं ठाऊक होतं. तुम्ही घरात बसून मच्छरसिंग सलग बघता आणि मग म्हणता बोअर आहे.

बाकी यादीत दो गज जमीन के नीचे (१९७२) कुणीच घातला नाय याचं वाईट वाटलं, कारण तो आपल्या जिल्ह्यातला आहे. सगळं खटलं घेऊन ही मंडळी महाबळेश्वरला आली, सरकारी गेस्ट हाऊसमधे उतरली, तिथंच शूटिंग केलं, स्वयंपाकाला घरच्याच बायका. सेट बांधायचा खर्च नाय, धुकं तर महाबळेश्वरात फुकट. बाप एफ. यू. रामसे, मूळचे रामसिंघानी, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान. आधी काढलेला एक पिक्चर पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतो तेवढा सीन लोकांना आवडला. पोरांनी ते हेरलं आणि म्हणाले फक्त भीतीचाच पिक्चर काढू. तिथनं सगळं चालू झालं.

माझ्या हिशोबानं एक नंबर दो गज, दोन पुराना मंदिर. सगळ्यात भंगार थ्रीडी सामरी (१९८५). थ्रीडीचा चष्मा लावून बघितला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं ठणकत होतं. भूत तोच, अनिरुद्ध अगरवाल, पण आता तो उगीच हात पडद्याबाहेर काढतोय.

भडंग_मारके

सांगलीहून दोन शब्द. वर सगळे सामरी सामरी करतायत पण त्या माणसाबद्दल कुणीच बोलत नाय. अनिरुद्ध अगरवाल रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर! मुखवटा नसता तरी चाललं असतं असा चेहरा आणि उंची. बंद दरवाजात त्याचा नेवला बघा, वटवाघळाचा सैतान, मूल होत नाही म्हणून ठकुराईन त्याच्याकडं जाते आणि पोरगी झाली तर ती त्याची असा करार. हा पिक्चर मी वीरानाच्या वर ठेवीन. कारण त्यात चूक भुताची नाही, घरच्या मोठ्या माणसांची आहे, आणि भोगायचं मात्र पोरीनं. पटलं नाय तर भांडू, फोरमच आहे.

यवतेश्वरवाल्यांना एकच प्रश्न, वीरानात हडळ आणि ती पोरगी सोडून काय लक्षात आहे? हिरो हेमंत बिर्जे आठवतो का, मला तर फक्त त्याची छाती आठवती.

आणि ते नंतरचे, श्यामचा धुंद (२००३), घुटन (२००७) वगैरे, ते यादीत धरू नका. तोवर टीव्हीवरचा त्यांचा झी हॉरर शो संपला होता, लोक शहाणे झाले होते. तळ शोधायचा तर तिथं शोधा, महाकाल त्यापुढं बरा.

अकरा जणांत बारकी पोरं असतील तर जरा जपून. बहुतेक पिक्चर ए सर्टिफिकेटचे आहेत, भुतापेक्षा अंघोळीचे सीन जास्त. काकू चहा घेऊन कधी येतील नेम नाय.

यवतेश्वरचं_वारं

@भडंग हेमंत बिर्जेचं मान्य. बाकी काही मान्य नाही.

कंदीपेढा_८७

सगळ्यांचे आभार, शिव्याही पोचल्या. डाक बंगल्याची चूक माझी, लहानपणी कॅसेटवर नुसतं रामसे लिहिलेलं वाचून सगळं एकच समजत होतो.

यादी अशी ठरलीय. नऊला दो गज, महाबळेश्वरचा मान म्हणून. मग पुराना मंदिर, आणि मच्छरसिंग आला की तिथंच पॉज न करता जेवणं वाढायची, तंबूवाल्या काकांनी सांगितलं तसं आवाज चालू ठेवून. शेवटी रात्री दोनच्या पुढं वीराना किंवा बंद दरवाजा, त्यावर चिठ्ठ्या टाकू, कारण दोन गट पडलेत आणि एका मावसभावानं बोलणं बंद केलंय. बारक्यांना दहाला झोपवायचं.

आणि हा तंबूचा किस्सा जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला तर आजी म्हणाली, मग माझी खुर्ची चादरीच्या मागं टाका, पुढून मला समजायचं नाय.