माउथवॉश आणि आईचं बीपी: काही संबंध असू शकतो का?

गंगापूररोडकर:
आईला हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं होतं. हिरड्या बऱ्या झाल्या, पण तोंड स्वच्छ वाटतं म्हणून तिने ते सोडलंच नाही, दोन्ही वेळा चालू आहे. हल्ली बीपीचा वरचा आकडा चढा येतोय. गोळी तीच, मीठही तेवढंच. शेजारच्या काकू म्हणतात बीटाचा रस दे. बीटाने खरंच फरक पडतो? आणि माउथवॉशमुळे असं होऊ शकतं का?

पंचवटीचे सर:
ताई, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. बीट, पालक, मुळा, कोथिंबीर यांत नायट्रेट भरपूर असतं. ते रक्तात गेलं की त्यातला साधारण पाव हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. तिथे जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. गिळलेल्या नायट्राइटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात.

२००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस दिला. काही तासांत वरचा आकडा दहाच्या आसपास उतरला. लाळ गिळू न देता थुंकायला लावली, तेव्हा मात्र उतरला नाही! मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, तरी हा प्रयोग वाचून थक्क झालो. आता क्लोरहेक्सिडीन तोंडातले हे जिवाणूही मारतं. पुढे २०१३ मध्ये निरोगी लोकांना आठवडाभर ते दिलं, तर बीपी दोन ते साडेतीन अंकांनी चढलं. आईचा आकडा त्यापेक्षा जास्त चढला असेल तर दुसरं कारणही शोधायला हवं. पण माउथवॉश चालू ठेवून बीट दिलं, तर त्याचा बराचसा उपयोग वायाच जाईल.

गणेशवाडीच्या बाजारात ताजा पालक घ्या, मात्र उकडून पाणी ओतून देऊ नका, नायट्रेट त्या पाण्यातच उतरतं.

दंतवैद्य, नाशिकरोड:
सरांचं बरोबर आहे. क्लोरहेक्सिडीन ठरावीक मुदतीपुरतंच द्यायचं औषध आहे. जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बदलते. ज्यांनी दिलं त्यांना विचारून बंद करा. ब्रश मात्र दोन वेळा हवाच. बीपीची गोळी बीटाच्या भरवशावर अजिबात सोडू नका.

सातपूरची मावशी:
आईंना मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर पालक-बीट रोज देऊ नका हं, आधी डॉक्टरांना विचारा. आणि बीट खाल्ल्यावर लघवी लाल झाली तर घाबरू नका.