निवृत्त शिक्षकांना पुन्हा वर्गावर घ्यायचं की नव्या डीएडधारकांना संधी द्यायची?

परभणीची_डीएड
जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक नेमायचा आदेश ७ जुलै २०२३ रोजी निघाला. कमाल वय ७०, मानधन महिना २०,००० रुपये, मुदत पवित्र पोर्टलवरची, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरची, भरती होईपर्यंत. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी दिली होती. निवड यादी लागली फेब्रुवारी २०२४ मध्ये. ते अख्खं शैक्षणिक वर्ष पात्र उमेदवार घरी बसले आणि वर्गावर निवृत्त माणसं गेली.

मानधनाचंही बघा. नियमित भरतीतून लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना १६,००० मिळतात, तेही पहिली तीन वर्षं. २०२३ च्या आधी तर ६,००० च होते. म्हणजे पेन्शन चालू असलेल्या व्यक्तीला तात्पुरत्या कामाचे २०,००० आणि पूर्ण वेळ राबणाऱ्या नव्या मुलीला १६,०००. हे मला अजिबात मान्य नाही.

निवृत्त_मास्तर_पाटण
ताई, मानधनाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण निवृत्तांना वर्गावर घेऊच नका, हे पटत नाही. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की १८० दिवस दुसऱ्या शिक्षकावर चारही वर्ग येतात. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तिसरीचं वाचन घ्यायचं, तोवर चौथीचा भागाकार अडलेला असतो. हे जमायला मला चार-पाच वर्षं लागली. अशा जागी सोमवारी रुजू झालेल्याचा वर्ग मंगळवारी चालायला हवा. गावातलाच निवृत्त शिक्षक ते करू शकतो. त्याला मुलांची घरं माहीत असतात, आईबाप कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेले असतात. सहा महिन्यांसाठी परभणीहून कोण येणार, खोली कुठे घेणार?

बीएड_बेरोजगार
गुरुजी, तुम्ही बाळंतपणाच्या रजेबद्दल बोलताय. आदेश मात्र रिक्त पदांचा होता. दोन्ही एकत्र करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. टेट, म्हणजे हीच अभियोग्यता चाचणी, २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात निवृत्त्या होतच राहिल्या आणि खड्डा वाढत गेला. तो निवृत्तांनी भरून निघतो असं दिसलं की पुढच्या भरतीची घाई कोणाला राहणार? माझा आक्षेप तुमच्या शिकवण्यावर नाही, या सवयीवर आहे.

आणि परभणीहून कोण येणार म्हणता? मी येईन. माझ्या ओळखीतले किमान दहा जण येतील. विचारून तर बघा.

शाळा_समिती_सदस्य
मी ना शिक्षक ना उमेदवार. माझी मुलगी दुसरीत आहे. बदल्यांत आमच्या शाळेतले एक सर गेले, दिवाळीपर्यंत एकाच बाईंवर शाळा. त्यांच्याच डोक्यावर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मतदार यादीचं काम. मग एक तरुण मुलगा आला. फार छान शिकवायचा, पोरं शाळा सुटली तरी त्याच्याभोवती असायची. पोलीस भरतीत निवड झाली आणि तो गेला. नंतर निवृत्त बाई आल्या. त्यांनी मुलांकडून वाचन करून घेतलं, पण पावसात ओढा ओलांडून येणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना.

तुमच्या भांडणात आमची एक मागणी लिहून घ्या. जो येईल तो परीक्षेपर्यंत टिकला पाहिजे. दुसरीतल्या पोराचं वाचन एकदा मागे राहिलं की घरी कोणी भरून काढणारं नसतं.

परभणीची_डीएड
दादा, तो मुलगा पोलिसात गेला, कारण शाळेतलं काम उद्या राहील की नाही हे त्याला माहीत नव्हतं. कंत्राट अकरा महिन्यांचं, पगार वेळेवर नाही, पुढे सेवेत धरणार नाहीत. टिकाव हवा असेल तर तरुणाला टिकायचं कारण द्या. २०२४ च्या सप्टेंबरात दहा किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी डीएड-बीएडधारकांना कंत्राटी घ्यायचं ठरलं, मानधन १५,०००. म्हणजे आमची पाळी आली तेव्हा रक्कम निवृत्तांच्या २०,००० वरून खाली आली.

मुख्याध्यापिका_विदर्भ
मला रोज हजेरी बघावी लागते, म्हणून स्पष्ट लिहिते. रजेची जागा आणि रिक्त पद यांना एकच नियम लावू नये. रजेच्या जागेसाठी दर तालुक्यात पात्र उमेदवारांची यादी असावी, आधी त्यातल्यांना विचारावं. आठ दिवसांत कोणी आलं नाही तर निवृत्त शिक्षक. रिक्त पदावर मात्र निवृत्ताला एक दिवसही बसवू नये. निवृत्तांचा खरा उपयोग नव्या शिक्षकाच्या वर्गात महिनाभर शेजारी बसण्यात आहे. बहुवर्ग कसा सांभाळायचा हे प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शिकता येत नाही.

निवृत्त_मास्तर_पाटण
शेजारी बसायला मी फुकट यायला तयार आहे. पण आठ दिवस वाट बघणं मला मान्य नाही. एकशिक्षकी शाळेत ते आठ दिवस म्हणजे कुलूप. यादी जूनमध्येच तयार ठेवा, फोन त्याच दिवशी करा.

बीएड_बेरोजगार
जूनची यादी आणि त्याच दिवशी फोन, हे मान्य. यादीत आमची नावं आधी, आणि मानधन दोघांना सारखं. ते १५,००० असेल तर निवृत्तांनाही १५,०००.