धूप, निचरा की निक्षालन? जंगलातून ओढ्यात जाणारी अन्नद्रव्ये

पाचोळा:
अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक जंगलावर मराठीत लेख लिहितोय. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून तिथल्या ओढ्यांचं पाणी तपासायला घेतलं, त्याबद्दल. झाडं तोडल्यावर मातीतलं नायट्रेट, कॅल्शियम, पोटॅशियम ओढ्यात उतरलं. या क्रियेला मराठीत काय म्हणावं? वाचक नववी-दहावीची मुलं. 'धूप' त्यांना भूगोलात पाठ असतो, म्हणून माझा कल तिकडे आहे.

कातळसडा:
धूप नको हो. धूप मातीची. कण सुटतात, पाणी गढूळ होतं. त्या प्रयोगात तर हे टाळायचीच खटपट होती. १९६५ च्या हिवाळ्यात १५.६ हेक्टरच्या एका पाणलोटातली सगळी झाडं पाडली, पण ओंडका एकही बाहेर ओढला नाही, रस्ता केला नाही. जे पडलं ते जागच्या जागी. वर पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून पालवीसुद्धा फुटू दिली नाही (आज असली परवानगी कोण देईल, देव जाणे). तरी ओढ्यातलं नायट्रेट, न तोडलेल्या जंगलाच्या मानाने पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली. गेलं ते मुख्यतः विरघळून गेलं. त्याला 'धूप' म्हटलंत की मुलं गढूळ लोंढा डोळ्यांसमोर आणणार.

मोरी_साफ:
मग 'निचरा' घ्या की, सुटसुटीत आहे.

कातळसडा:
निचरा पाण्याचा होतो. आणि तो व्हावा असंच शेतकऱ्याला वाटतं, 'उत्तम निचऱ्याची जमीन' हे कौतुक आहे. झाडं पाणी शोषेनात म्हणून पहिल्या वर्षी ओढा ३९ टक्के जास्त वाहिला, हा निचरा वाढला म्हणा. पण कॅल्शियमचं पाण्यातलं प्रमाणच चौपटीहून जास्त वाढलं. पाणी वाढल्यावर खरं तर ते पातळ व्हायला हवं होतं! दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एका शब्दात कोंबू नका.

बांधावरून:
कातळसडांशी सहमत. पण हे कॅल्शियम सुटतं कसं, तेही लेखात येऊ द्या, नाहीतर शब्द पोकळ राहील. कुजलेल्या पाल्यातून अमोनियम निघतं. एरवी ते मुळं उचलतात. मुळंच मेली की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल तयार होतं. ते आम्ल मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम, पोटॅश ढकलून देतं. नायट्रेट ऋण भाराचं, ते मातीला फारसं धरवत नाही. जाता जाता सुटलेलं कॅल्शियमही बरोबर घेऊन जातं.

आमच्याकडे सरळ 'झिरपून गेलं' म्हणतात. युरिया एकदम टाकला आणि धो धो पाऊस झाला की नत्र झिरपून जातं, म्हणून हप्त्याहप्त्याने द्यायचा.

आणि 'पोषकद्रव्य' की 'अन्नद्रव्य' असा प्रश्न पुढे येईलच, तर अन्नद्रव्य. माती परीक्षणाच्या अहवालात तोच शब्द असतो. पोषकद्रव्य म्हटलं की डबाबंद पावडरीची जाहिरात आठवते.

मोरी_साफ:
झिरपणं म्हणजे खाली जाणं. मग ओढ्यात कसं आलं?

बांधावरून:
तिथली जागाच त्यासाठी निवडली होती. मातीखाली पाणी जवळपास न मुरणारा खडक. झिरपलेलं पाणी खडकावरून घरंगळत ओढ्यातच निघतं. पाणलोटाच्या तोंडाशी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच ठेवलेला बंधारा, खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मोजायचा. त्याच पाण्याचे नमुने. पावसात किती आलं, ओढ्यात किती गेलं, चोख जमाखर्च.

कातळसडा:
पारिभाषिक शब्द हवा तर 'निक्षालन'. जड वाटेल, पण पापक्षालनातलं क्षालन मुलांना नवं नाही. शिवाय कोकणातल्या मुलाला उदाहरण पायाखालीच आहे. हजारो वर्षांच्या पावसाने चुना, सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. तिथे 'झिरपणं' अपुरं पडतं.

पाचोळा:
पटलं. लेखात पुढे आम्लपावसाचाही भाग आहे. त्याने दशकानुदशकं मातीतलं कॅल्शियम गेलं, म्हणून १९९९ मध्ये दुसऱ्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट हे कॅल्शियमचं खनिज टाकलं आणि शुगर मेपलची झाडं सुधारली. तिथेही निक्षालनच ना?

कातळसडा:
तिथे तर जास्तच चपखल. आम्ल आतून झालं काय, आभाळातून आलं काय, मातीला सारखंच.

मोरी_साफ:
ठीक. पण ओढ्यात पोचल्यावर ते अन्नद्रव्य कुणाचं?

बांधावरून:
शेवाळाचं. सावली गेली, ऊन आलं, वर नायट्रेटची मेजवानी. तोडलेल्या पाणलोटाच्या ओढ्यात शेवाळ माजलं होतं.

पाचोळा:
मग वाक्य असं करतो: 'झाडं तोडल्यावर माती जागेवरच राहिली, पण तिच्यातली अन्नद्रव्यं विरघळून, झिरपून ओढ्यात गेली. याला निक्षालन म्हणतात.' धूप वेगळ्या चौकटीत, फरक सांगण्यापुरती.

मोरी_साफ:
'विरघळून, झिरपून' मधलं एक काढा.

कातळसडा:
दोन्ही राहू द्या. आधी विरघळतं, मग झिरपतं.