कुओक्कालाचं फिरतं टेबल: समता की हौस?

पाटपाणी
'आपलं आपण वाढून घ्या, गड्याला हाक मारू नका.' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या आखातावर, रशियाची तेव्हाची राजधानी पीटर्सबर्ग हिच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कुओक्काला गावात, चित्रकार इल्या रेपिनच्या 'पेनाती' या घरी दर बुधवारी हा नियम पाळावा लागायचा. घर 1899 मध्ये घेतलं ते त्याची जोडीदार नतालिया नॉर्डमन हिच्या नावावर. रेपिन तिथे कायमचा राहायला आला 1903 मध्ये. पाहुणे दुपारी तीननंतर जमत. दारातच पाट्या: कोट आणि गलोश (जोड्यांवरचे रबरी जोडे) स्वतः काढा, जेवणघराचं दार स्वतः उघडा, टमटम नावाची थाळी आनंदाने आणि जोरात बडवा. जेवण शाकाहारी, टेबल गोल, मधला भाग फिरता. शेजाऱ्याला मीठ सरकवलं तरी नियमभंग, आणि शिक्षा म्हणून कोपऱ्यातल्या छोट्या मंचावर उभं राहून भाषण.

रशियन समुद्रकाठच्या वस्त्यांबद्दल लिहिताना या टेबलाला 'समतेचा प्रयोग' म्हणायची पद्धत पडली आहे. माझं मत स्पष्ट आहे: ही हौस होती. भाजी चिरणारे हात भिंतीपलीकडेच होते. पाहुण्यांनी फक्त शेवटचे दोन फूट अंतर स्वतः कापलं, त्याला समता कसली म्हणायची?

रंधा_आणि_पटाशी
आधी ते टेबल नीट बघू, मग हौस की काय ते ठरवू.

माणशी 60 सेंटीमीटर जागा धरली तर पंधरा जणांना 9 मीटर घेर लागतो, म्हणजे व्यास जवळपास 2.9 मीटर. बसल्या जागेवरून माणसाचा हात 60-70 सेंटीमीटरच पोचतो. म्हणजे मधला दीड मीटरचा गोल कुणाच्याच हाताला लागत नाही. अशा टेबलावर दोनच उपाय: वाढपी ठेवा नाहीतर मधला भाग फिरवा. पेनातीत बाहेरची कडा स्थिर, ताटापुरती, आणि मधली चकती उंचावर, धरून ओढायला मुठी बसवलेल्या. उष्ट्या ताटांसाठी टेबलाखाली खण. हा खणच मला महत्त्वाचा वाटतो. नुसतं वाढून घेण्याचं नाटक करायचं असतं तर खण कशाला केला असता? ताट बदलायला मोलकरीण आत येऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

दोष होतेच. दोघांनी एकाच वेळी उलटसुलट ओढलं की हवा तो पदार्थ समोरून निघून जातो. पातळ पदार्थ फिरत्या चकतीवर हिंदकळतात, म्हणून असं टेबल कोशिंबिरी, भाजलेल्या भाज्या, फळं यांनाच मानवतं. आणि बोलण्यात रंगलेला माणूस उपाशी राहतो, कारण आग्रह करायला बंदी.

पाटपाणी
खणाचा मुद्दा मान्य. पण तो खण रिकामा कोण करायचं?

कोकमसार
@पाटपाणी, आपल्या पंगतीत वाढपी असतो, बहुधा घरचाच, आणि आग्रहाशिवाय जेवण पुरं होत नाही. त्यामुळे 'शेजाऱ्याला वाढू नका' हा नियम आपल्याला तुसडा वाटतो. पीटर्सबर्गच्या बड्या घरांत वाढणारा घरचा नव्हता, पगारी होता आणि खुर्चीमागे उभा असायचा. नॉर्डमनचा राग त्या उभं राहण्यावर होता. ती नोकरांशी हस्तांदोलन करायची, त्यांना पाहुण्यांबरोबर टेबलाशी बसवायची, आणि घरकामाचे तास बांधलेले हवेत असं छापून मांडायची. पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यांत यातल्या हस्तांदोलनानेसुद्धा भुवया उंचावायच्या.

जेवणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गवताचा काढा सूप म्हणून द्यायचा, ही तत्त्वनिष्ठा ठीक, पण थंडीच्या देशात पोट कसं भरणार? रेपिन हिवाळ्यातही उघड्या हवेचा भोक्ता. कवी मायाकोव्स्की 1915 च्या उन्हाळ्यात कुओक्कालात होता, खिशात फारसे पैसे नव्हते, म्हणून त्याने सात दिवसांची सात घरं लावली होती. वार लावून जेवणं आपल्याला नवं नाही, पण फ्युचरिस्ट, म्हणजे जुनं सगळं मोडायला निघालेल्या, कवीने वार लावलेले वाचून गंमत वाटते. रविवार लेखक चुकोवस्कीकडे, सोमवार नाटककार येव्रेइनोवकडे. गुरुवारी रेपिनकडची पाला-भाजी, आणि आपल्यासारख्या सहा-सात फुटी माणसाला ती पुरत नाही, अशी कुरकुर त्याने आत्मवृत्तात केली आहे. लक्षात घ्या, नॉर्डमन 1914 मध्येच स्वित्झर्लंडमध्ये वारली होती. ती गेल्यावरही स्वयंपाक तसाच राहिला, म्हणजे एकट्या बाईचा हट्ट नव्हता तो.

सीमेवरचा_सिग्नल
सगळे टेबलाभोवतीच फिरताय. कुओक्कालातली मोकळीक टेबलाने दिली नव्हती, सीमेने दिली होती.

गाव रशियन साम्राज्यात, पण फिनलंडच्या ग्रँड डचीत, म्हणजे साम्राज्यातल्या स्वायत्त प्रांतात. सेस्त्रा नदीवरचं बेलोओस्त्रोव हे हद्दीचं स्टेशन. नदी ओलांडली की कायदा वेगळा, जकात वेगळी, पोलीस वेगळे. नाणंही वेगळं: एक फिनिश मार्क्का म्हणजे साडेसदतीस कोपेक (रुबलचे शंभर कोपेक), रुबलला साधारण 2.67 मार्क्का. तारीखसुद्धा वेगळी, कारण रशियात ज्युलियन पंचांग आणि फिनलंडात ग्रेगोरियन. 1900 पासून फरक तेरा दिवसांचा. दाचा, म्हणजे उन्हाळी घर, भाड्याने घेताना करारात कुठल्या पंचांगाची तारीख आहे हे पाहिलं नाही, तर जवळजवळ दोन आठवड्यांचा घोळ.

हे सगळं राजधानीपासून आगगाडीने तासा-दीड तासावर. रुळाची सोय 1870 पासून. म्हणून 1906-07 मध्ये लेनिन कुओक्कालातल्या 'वाझा' या दाचात राहू शकला. राजधानीच्या पोलिसांना इथे थेट हात घालता येत नव्हता. अशा गावात कुणी गड्याशेजारी बसून जेवलं तर त्यात फार मोठं धाडस नव्हतं.

रंधा_आणि_पटाशी
सीमा इतकी राखणदार होती तर हेर्त्सेनश्टाइन कसा मारला गेला? बरखास्त झालेल्या पहिल्या दूमाचा, म्हणजे रशियन संसदेचा, सदस्य, जुलै 1906, शेजारच्याच तेरियोकीच्या किनाऱ्यावर कुटुंबासोबत फिरताना गोळ्या घातल्या. मारेकरी सीमेपलीकडूनच आलेले.

सीमेवरचा_सिग्नल
खरं आहे, सीमा चाळणी होती. पण पुढचंही सांगा: खटला फिनिश न्यायालयात चालला, शिक्षा झाली, आणि मग झारने माफी दिली. दोन कायद्यांमधलं अंतर याहून स्वच्छ कुठे दिसेल?

वाळूत_पाय
पेनाती म्हणजे सगळा किनारा नव्हे, हे कुणीतरी म्हणायला हवं. कलावंतांच्या आठवणी छापल्या गेल्या म्हणून आपण त्यांच्याच घरात डोकावतो.

बहुतेक दाचावाले कारकून, डॉक्टर, वकील, शिक्षक यांची कुटुंबं होती. घरं बहुधा रिकामी मिळत, त्यामुळे मे महिन्यात खाटा, गाद्या, भांडी, समोवार (चहाचं पाणी तापवायचं भांडं) असं सगळं बिऱ्हाड लादून न्यायचं आणि ऑगस्टअखेर तसंच परत. लाकडी घरं पातळ भिंतींची, शेकोटी एखादीच, पाऊस लागला की बिछाने ओलसर. आखाताचं पाणी जेमतेम खारट आणि इतकं उथळ की कमरेइतकं पाणी लागेपर्यंत बरंच चालावं लागतं. पोहण्यापेक्षा फिरणं, नौका, हौशी नाटकं आणि स्टेशनवर संध्याकाळची गाडी बघायला जाणं हाच खरा कार्यक्रम. नवरे शहरात नोकरीला, शनिवारी खरेदीच्या पुड्या घेऊन येणार.

आणि नाटकं हौशीच असत असंही नाही. 1912 च्या उन्हाळ्यात नाट्यदिग्दर्शक मेयेरहोल्डने तेरियोकीत मंडळी जमवून प्रयोग केले. कवी ब्लोकची बायको त्यात काम करत होती. चित्रकार सापुनोव त्याच मंडळींतला. रात्री बोट उलटून तो बुडाला, पोहता येत नव्हतं. तारीख रशियन पंचांगाने 14 जून, तिथल्या पंचांगाने 27. उथळ आखात म्हणून लोक गाफील राहत.

@पाटपाणी, तुम्हाला समताच शोधायची असेल तर सेस्त्रोरेत्स्क गावचा कुरोर्ट, म्हणजे आरोग्यस्थळ, बघा. 1900 मध्ये उघडला, सीमेच्या रशियन बाजूला. कुरहाउस ही मुख्य इमारत, मोठी मैफलीची दालनं, वाद्यवृंद, खनिज पाण्याचे उपचार. तिकीट काढा आणि बसा, कुणाची ओळख लागत नाही.

पाटपाणी
तिकिटाची समता! त्याच गावात अठराव्या शतकापासून शस्त्रांचा कारखाना होता, मोसिन बंदुकीचा मोसिन तिथला प्रमुख होता. त्या कामगारांना कुरहाउसच्या मैफलीचं तिकीट परवडत होतं का, याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

वाळूत_पाय
परवडत नसावं. पण तिकिटाचा दर दारावर लिहिलेला असतो. पेनातीच्या बुधवारी काय बोललं की हसू होणार नाही, हे कुठे लिहिलेलं होतं? न शिकलेल्या माणसाला भाषणाच्या मंचापेक्षा तिकीटखिडकी बरी.

कोकमसार
हा मुद्दा बोचरा आहे आणि बरोबर आहे. मंचाची शिक्षा बोलक्या लोकांनी बोलक्या लोकांसाठी शोधलेली. वकिलाला ती शिक्षा नव्हेच, बक्षीस आहे. जेवायला बसवलेल्या मोलकरणीने चुकून कुणाला पाव दिला तर तिने काय बोलायचं?

सीमेवरचा_सिग्नल
ज्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही ते फिनिश शेतकरी. जमीन त्यांची, दूध-बटाटे त्यांचे, घोडागाड्या त्यांच्या. दाचासाठी तुकडे विकून, भाडं घेऊन, हंगामात चार महिने पुरवठा करून त्यांची घरं उभी राहिली. त्यांना टेबल फिरतं की स्थिर याच्याशी देणंघेणं नव्हतं, बिल कधी मिळतं याच्याशी होतं.

डिसेंबर 1917 मध्ये फिनलंड स्वतंत्र झालं आणि 1918 मध्ये सीमा बंद झाली. उन्हाळा आला, गाडीतून उतरायला कुणी नाही. हजारो दाचा रिकाम्या. तेरियोकी भागातली कितीतरी घरं पुढच्या दशकात ओंडका-ओंडका सोडवून, खुणा घालून फिनलंडच्या आतल्या भागात नेऊन पुन्हा उभारली. लाकडी घराचा तो एक फायदा. ज्या गावाने शेती मागे टाकून भाडेकरूंवर भिस्त ठेवली होती, त्याचं उत्पन्न एका हंगामात बुडालं.

पाटपाणी
आणि रेपिन?

सीमेवरचा_सिग्नल
जागचा हलला नाही, देश मात्र बदलला. सोव्हिएत बाजूने 1926 मध्ये चित्रकारांचं शिष्टमंडळ पाठवून बोलावून पाहिलं, तो गेला नाही. सप्टेंबर 1930 मध्ये तिथेच वारला, बागेतच पुरलं. 1944 मध्ये लढाईत घर जळालं, प्रदेश सोव्हिएतकडे गेला, 1948 मध्ये गावाचं नाव रेपिनो झालं, तेरियोकीचं झेलेनोगोर्स्क. घर नव्याने बांधून 1962 मध्ये संग्रहालय उघडलं.

रंधा_आणि_पटाशी
आता माझा शेवटचा मुद्दा. @पाटपाणी, नॉर्डमनने घर मृत्युपत्रात रेपिनला हयातीपुरतं दिलं आणि त्यानंतर कला अकादमीला. हौशी माणूस घर असं देऊन टाकत नाही.

पाटपाणी
अकादमीला दिलं. स्वयंपाकिणीला नाही.