विषय: भाचीचं हेलिकॉप्टर ट्रेनिंग – शुक्रवारच्या आत सल्ला हवा

प्रेषक: नाना (सध्या गुहागर)

मंडळी, पाऊस संपेपर्यंत इथेच आहे. भाची हेलिकॉप्टर पायलट व्हायचं म्हणून हटून बसली आहे. बारावी फिजिक्स-मॅथ्स घेऊन चांगल्या मार्कांनी झाली. मुंबईच्या एका एजंटाने अमेरिकेतल्या कमर्शिअल लायसन्सचं पॅकेज दिलंय: एकूण १५० तास, त्यातले १०० विमानावर, ५० हेलिकॉप्टरवर. म्हणतो, परत आल्यावर भारतातलं लायसन्स फक्त कागद बदलून मिळतं. बुकिंगचे पैसे शुक्रवारपर्यंत हवेत. दाजी कलमांची बाग गहाण टाकायला निघालेत. हे १५० तास इकडे चालतात का, एवढंच कुणीतरी नीट सांगा.

---

प्रेषक: आप्पा

नाना, दाजींना थांबवा.

अमेरिकेत पार्ट ६१, म्हणजे तिकडच्या पायलट लायसन्सच्या नियमाने, कमर्शिअल हेलिकॉप्टरला एकूण १५० तास लागतात आणि त्यातले ५० हेलिकॉप्टरवर असले की भागतं. त्यामुळे तिकडचं लायसन्स तिला मिळेलही. पण आपल्या डीजीसीएचा (लायसन्स देणारं नागरी विमान खातं) आकडा हेलिकॉप्टरचा पायलट म्हणून १५० तास असा आहे. ५० तासांवर तो कसा भरणार? उरलेले तास पुन्हा उडावे लागतील, आणि हेलिकॉप्टरचा तास छोट्या विमानाच्या तासापेक्षा कितीतरी महाग असतो. पॅकेज स्वस्त दिसतंय ते याचमुळे. एजंटाकडून एकच गोष्ट लेखी मागा: हेलिकॉप्टरवर किती तास, आणि कुठल्या मशीनवर.

कागद बदलण्याचं म्हणाल तर एअर रेग्युलेशनचा पेपर, नेव्हिगेशन आणि हवामानाचा पेपर, रेडिओवर बोलायचा परवाना म्हणजे आरटीआर, कमर्शिअल पायलटची क्लास वन मेडिकल, एवढं सगळं इकडे करावं लागतं. मेडिकल तर सगळ्यात आधी करा. रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकली तर बाकीच्या खर्चाला अर्थ नाही.

---

प्रेषक: बापू

आप्पांचं तासांचं बरोबर आहे, पण अमेरिका सरसकट वाईट ठरवू नका. तिकडे मुलं लायसन्स घेतात, मग इन्स्ट्रक्टर होतात आणि शिकवता शिकवता हजारेक तास जमवतात. त्या अनुभवावर पुढची नोकरी मिळते. भारतात दीडशे तासांच्या नवख्या पायलटला कोण उभं करतं? इथल्या बऱ्याचशा जागांवर सैन्यातून निवृत्त झालेले पायलट बसलेत.

---

प्रेषक: आप्पा

बापू, ती मुलं बहुतेक तिकडची नागरिक असतात. भाची एम-१ व्हिसावर, म्हणजे असे व्यावसायिक कोर्स करणाऱ्यांच्या व्हिसावर, जाणार. त्यावर नोकरी करता येत नाही, कोर्स संपल्यावर थोडे महिने प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं तेवढंच. त्यात हजार तास कसे होतील ते सांगा.

---

प्रेषक: सुमाताई

हेलिकॉप्टरचं नाव निघालं की मला २०२१ चा जुलै आठवतो. चिपळूण बुडालं तेव्हा माझी बहीण पोरांना घेऊन पोटमाळ्यावर बसली होती. फोन बंद, वीज नाही, खाली वाशिष्ठीचं पाणी. ढग इतके खाली आलेले की हेलिकॉप्टरला यायचं तरी कसं, असं आम्ही इकडे बसून एकमेकांना विचारत होतो. अशा हवेत डोंगर आणि समुद्र यांच्यामधून मशीन आणणारा माणूस कसा शिकलेला असेल, याचा विचार करा. नाना, शिकवण्यात काटकसर करू नका. कमी तासांचा कोर्स नकोच.

---

प्रेषक: दादा (मालवण)

सुमाताई, तेव्हापासून माझंही हेच मत आहे. म्हणूनच सांगतो, एजंटाक इतक्यात एक पैसो देव नको. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, मुलीला आधी तो रस्ता दाखवा. तटरक्षक दलात महिला पायलट आहेत. नौदलाचे हेलिकॉप्टर पायलट तामिळनाडूत अरक्कोणमला आयएनएस राजालीवर शिकतात. लष्कराचं विमानन प्रशिक्षण आपल्या नाशिकला आहे, २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. खर्च सरकारचा, वर पगार. बाग कशाला गहाण टाकायची?

आणि विमानतळ म्हटला की सगळे रत्नागिरीच म्हणतात. चिपीचा आमचाही आहे, २०२१ पासून.

---

प्रेषक: बापू

दादा, चिपीचं इथे काय काम? आणि सैन्यात जायचं तर आधी पदवी हवी किंवा बारावीवर एनडीए, मग एसएसबीची निवड-मुलाखत, वर्षानुवर्षांची बांधिलकी. तिला ते हवंय का, हे कुणी विचारलं का?

मशीनबद्दल आप्पांना पूरक सांगतो, मी याच धंद्यात इंजिनिअर होतो. तिकडे शिकवतात ते बहुतेक रॉबिन्सन आर-२२ किंवा आर-४४ वर. दोन्ही पिस्टन इंजिनची. आर-२२ चं रोटर हलकं, त्यामुळे इंजिन बंद पडलं की कलेक्टिव्ह (मशीन वर-खाली नेणारा दांडा) खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. उशीर झाला तर रोटरचे फेरे उतरतात आणि ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाशिवाय फिरत्या रोटरवर सुखरूप उतरणं, हातातून जातं. म्हणून अमेरिकेत या दोन मशीनसाठी एसएफएआर ७३ हा वेगळा नियम आहे. आपल्याकडे मुंबई हायला तेलविहिरींवर जाणारी मशीन दोन टर्बाइन इंजिनांची. भारतात हेलिकॉप्टरच्या प्रत्येक टाइपची नोंद लायसन्सवर वेगळी करावी लागते. तो खर्च एजंटाच्या कागदावर कुठेच नसेल, बघा तुम्ही.

---

प्रेषक: चिटणीस, शिक्षण निधी

या विषयावर दोन-तीन सदस्यांनी मला परस्पर फोन केले. निधीतून कर्ज द्यायचं की नाही हे समिती ठरवते, लिस्टवर ठरत नाही. नानांचा अर्ज आला की नेहमीसारखा बघू. मात्र मुख्यतः विमानाच्या तासांवर उभं केलेलं पॅकेज समितीसमोर आलं तर माझा विरोध राहील, हे आत्ताच सांगते. परत आलेली मुलं लायसन्स असून घरी बसतात आणि हप्ते आईवडील भरतात. आपल्या निधीतून हे होऊ द्यायचं नाही.

---

प्रेषक: नाना (गुहागर)

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीला सगळे मेल वाचून दाखवले. सैन्याचं तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, एनडीए आणि तटरक्षक दोन्हीची माहिती काढते, पण सिव्हिलचं सोडणार नाही. एजंटाला लेखी विचारलं तर म्हणाला, "तासांचं तिकडे गेल्यावर बघू." दाजींनी तिथेच फोन ठेवला. शुक्रवारचे पैसे जाणार नाहीत.

आता आधी क्लास टू, म्हणजे सुरुवातीची मेडिकल, मग क्लास वन. मुंबईला डीजीसीएने मान्य केलेला डॉक्टर कुणाच्या ओळखीत असेल तर नंबर मला स्वतंत्र मेलवर पाठवा, लिस्टवर नको. आप्पा, डीजीसीएच्या परीक्षांची तयारी तिने इथे राहून सुरू करावी की पुण्याला क्लास लावावा?

---

प्रेषक: आप्पा

हवामान आणि नेव्हिगेशन घरी राहून होईल, पुस्तकं मी पाठवतो. आरटीआरला मात्र तोंडी सराव लागतो, त्यासाठी क्लास लावा. आणि परीक्षेच्या कॉम्प्युटर नंबरचा अर्ज आजच करायला सांगा. त्याशिवाय पेपरला बसता येत नाही.

---

प्रेषक: चिटणीस, शिक्षण निधी

नाना, निधीच्या अर्जाला बारावीची मार्कलिस्ट आणि मेडिकलचा दाखला जोडा. दाखल्याशिवाय अर्ज घेणार नाही.