फेडरेशन कप बंद झाला ते बरंच झालं म्हणे!

सातपूरकर: काल एकाने इथे लिहिलं, ‘फुटबॉलचा फेडरेशन कप म्हणजे कोलकात्याच्या मोहन बागान-ईस्ट बंगाल या दोन क्लबांची भाऊबंदकी. गेला ते बरं झालं, ड्युरंड कप आहे ना.’ रात्रभर डोक्यात भुंगा. म्हणून लिहितोय.

१९७७ ला एर्नाकुलमला पहिला कप झाला. फायनलला मोहन बागान. जिंकलं कोण? बंगलोरची आयटीआय, १-० ने! घरोघरी ते काळे डायलवाले फोन असायचे ना, ते बनवणाऱ्या कारखान्याची टीम. त्याच वर्षी याच बागानने ईडनवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला २-२ वर रोखलं होतं. कुठली आली भाऊबंदकी? १९९६ ला नॅशनल लीग येईपर्यंत देशातला अव्वल क्लब ठरवायला फुटबॉल फेडरेशनची हीच स्पर्धा होती. ड्युरंड, रोव्हर्स या स्पर्धा जुन्या खऱ्या, पण आमंत्रणावर चालणाऱ्या. २०१७ ला बंगळुरूने कटकला बागानला २-० हरवून शेवटचा कप नेला, पुढच्या वर्षी त्याच्या जागी सुपर कप आला. पाटी बदलली, ४० वर्षं पुसली.

देवळाली कॅम्पवाला: ‘आमंत्रणावर’ म्हणून हिणवू नका. ड्युरंड १८८८ चा, सिमल्यातला, लष्कराचा. माझे वडील तोफखान्यात होते, आमच्याकडे दिवाळीइतकंच ड्युरंडचं कौतुक. १९४० ला दिल्लीत मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायरच्या गोऱ्या पलटणीला हरवून तो जिंकला. ड्युरंड जिंकणारी पहिली हिंदुस्थानी टीम! त्यापुढे तुमचा फोनचा कारखाना कुठे?

कॉलेजरोड_१०: आणि भाऊबंदकी नाही कशी? १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजार माणूस, ते बागान-ईस्ट बंगालसाठीच ना? ईस्ट बंगालच्या भुतियाची हॅटट्रिक, ४-१. बाकी देश कुठे होता?

सातपूरकर: फायनलला होता! ईस्ट बंगालला हरवून कप गोव्याच्या साळगावकरने नेला. अर्धंच वाचायची सवय कधी जाणार?

कॉलेजरोड_१०: बरं, गुरुजी. पण या कप स्पर्धा बाद फेरीच्या म्हणवतात ना? बाद फेरी म्हणजे हरला की बॅग भर. आताच्या ड्युरंडला गट, फेडरेशनलाही कित्येक वर्षं गट. कसली डोंबलाची बाद फेरी?

पंचवटीचा पासधारक: तुम्ही कोलकाता-दिल्लीच करत बसा. आपल्या मुंबईच्या रोव्हर्सची कुणाला आठवण? १८९१ चा! हैदराबाद पोलिसांनी १९५० ते ५४ सलग पाच वेळा नेला. मी पंचवटी एक्सप्रेसने कूपरेज मैदानावर जायचो. एकदा एक्स्ट्रा टाइमपायी परतीची गाडी चुकली, व्हीटीला पेपर अंथरून झोपलो. घरी अबोला आठ दिवस. ती स्पर्धा या शतकाच्या तोंडावर गुपचूप मेली. तेव्हा कोण रडलं?

देवळाली कॅम्पवाला: कोण रडणार? महाराष्ट्राला फुटबॉल हवाच कुठे होता! महिंद्राने २००३ आणि २००५ ला फेडरेशन कप जिंकला, २०१० ला टीमच बंद.

सिडकोची काकू: टीमचं काय घेऊन बसलात, मैदान दाखवा आधी! आमच्या कॉलनीच्या मैदानात मुलांनी वर्गणीतून गोलपोस्ट उभे केले. लग्नसराईत मंडपवाल्याने उपटून मांडवाला लावले. तक्रार केली तर म्हणे, बांबूच होते ना!

पंचवटीचा पासधारक: काकू, तुमच्याकडे निदान बांबू होते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजी होते, पोरांना फुटबॉल खेळायला कोपरा नाही.

कॉलेजरोड_१०: आता क्रिकेटला शिव्या सुरू. मी क्रिकेटच खेळतो. तुमच्या पोरांचा बॉल आमच्या पिचवर येतो, स्टडने खड्डे पडतात, ते कोण बुजवणार?

सिडकोची काकू: पिच तुझ्या आजोबांचं का रे?

कॉलेजरोड_१०: आजोबांवर जायचं नाही!

देवळाली कॅम्पवाला: धागा गेला गोदावरीत. सातपूरकर, एवढं मनाला का लागलं तुमच्या?

सातपूरकर: सातपूरच्या एका कंपनीच्या टीममध्ये मी लेफ्ट बॅक होतो. पहिली पाळी संपली की चारला मैदानात. आयटीआयचं उदाहरण आमचे कोच हजारदा द्यायचे. मग नवा मॅनेजर आला, बूट स्टोअरमध्ये जमा करायला सांगितले. सही करून पावती घेतली. अजून आहे.

देवळाली कॅम्पवाला: घ्या, फोनचा कारखाना मान्य. पण १९४० च्या खालीच.

कॉलेजरोड_१०: आणि तो सुपर कप? २०१९ नंतर एकदम २०२३ ला झाला. मधे कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. एवढंच कबूल करतो, बाकी काही नाही.

सिडकोची काकू: रविवारी सकाळी सातला मैदानावर या. नवे बांबू आणलेत, खड्डे खणायला माणसं कमी पडतायत. क्रिकेटवाले आले तरी चालेल, खड्ड्यांचा अनुभव आहे त्यांना.